सीए पूर्ण होण्याआधी घरून हिशेब लिहिण्याचं काम कसं सुरू करावं

सीएच्या इंटरचा, म्हणजे मधल्या परीक्षेचा, एक ग्रुप सुटलाय, दुसरा अडकलाय आणि घरात पैसे तर लागताहेत. पुण्यात अशी कितीतरी मुलंमुली आहेत. मीही त्यातलीच. धायरीच्या दोन खोल्यांत आईच्या शिलाई मशीनशेजारी टेबल टाकून मी पहिल्या दुकानाचे हिशेब लिहिले. अर्धवट शिक्षणावर हे काम सचोटीनं करता येतं. फक्त आपली हद्द पक्की ठाऊक हवी.

आधी हद्द आखा

दुसऱ्याचे हिशेब लिहायला आपल्याकडे लायसन लागत नाही. कीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (खातेवार नोंदी), बँकेचा मेळ, पगारपत्रक, जीएसटी रिटर्नची आकडेवारी हे सगळं तुम्ही करू शकता. कायद्यानं लागणारं ऑडिट, टॅक्स ऑडिटवरची सही, कर्जासाठी सीएच्या सहीचा दाखला, ही कामं प्रॅक्टिस करणाऱ्या सीएचीच. सीएंच्या इन्स्टिट्यूटचे सभासद नसताना नावापुढे सीए लावणं १९४९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. कार्डावर ‘हिशेब लेखन व जीएसटी कामे’ एवढंच छापा. दुकानदार चारचौघांत ‘आमच्या सीए मॅडम’ म्हणेल, तेव्हा तिथल्या तिथे दुरुस्त करा. मला सुरुवातीला अवघड जायचं, पण खरं सांगितलं म्हणून एकही गिऱ्हाईक तुटलं नाही.

आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, चालू असेल तर मात्र थांबा. त्या काळात इन्स्टिट्यूटच्या परवानगीशिवाय स्वतःचा व्यवसाय करता येत नाही.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी) आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. एकट्यानं काम करणाऱ्याला शॉप अ‍ॅक्टची (दुकानं-आस्थापना कायद्याची) नुसती सूचना द्यावी लागते, तीही ऑनलाइन. या दोन कागदांवर चालू खातं उघडायला जा. स्वतःचा व्यवसाय म्हणून वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर भरावा लागतो, तो विसरू नका. उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत स्वतःच्या जीएसटी नोंदणीची सहसा गरज नसते.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसवायचा असेल तर त्याचा एज्युकेशनल मोड फुकट आहे, पण त्यात महिन्यातल्या ठरावीक दोन-तीन तारखांच्याच एंट्र्या होतात. गिऱ्हाइकाचं काम घेतलं की रीतसर लायसन घ्या, भाड्यानंही मिळतं.

पहिलं काम कुठून आणायचं

जाहिरातीपेक्षा आपल्या भागातला एखादा प्रॅक्टिस करणारा सीए गाठा. त्यांच्याकडे छोट्या दुकानांच्या एंट्र्या साचलेल्या असतात. पैसे थोडे कमी मिळतील, पण चूक कुणीतरी जाणतं माणूस काढून दाखवेल. आपल्या टप्प्यावर त्याची किंमत फार मोठी आहे. शिवाय पुढे तुमच्या गिऱ्हाइकाला ऑडिट लागलं, तर पाठवायला दार उघडं राहतं. मग गल्लीतलं मेडिकल, हार्डवेअर, मार्केट यार्डातला ओळखीचा गाळा, असं एकेक जोडत जा.

महिन्याचं काम

बिलं बहुतेक वेळा पिशवीतच येतात. आल्या दिवशी सगळ्यांचे फोटो काढा, कारण थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते. मग तारखेनं लावा, खरेदी आणि खर्च वेगळे करा आणि बँक स्टेटमेंटपासून सुरुवात करा. घरखर्च दुकानाच्या खात्यातून गेला असेल तर तो उचल, म्हणजे मालकानं स्वतःसाठी काढलेले पैसे, म्हणून लिहा.

माझी मोठी चूक इथेच झाली होती. कार्ड मशीनवर १०,००० ची विक्री झाली आणि खात्यात ९,८२३ आले. मी ९,८२३ लाच विक्री धरली. खरं तर १५० रुपये मशीनवाल्याचं कमिशन होतं आणि २७ रुपये त्यावरचा जीएसटी. विक्री पूर्ण १०,००० च लिहायची, कमिशन खर्चात आणि २७ रुपयांचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, गिऱ्हाइकाला मिळतं का ते पाहायचं. वर्षभर अशी एंट्री झाली असती तर रिटर्नमध्ये विक्री कमी दिसली असती. ज्यांच्याकडून मला काम आलं होतं त्या सीएंनी पहिल्याच महिन्यात ती पकडली.

मेळ बसत नसेल तर फरकाला ९ नं भागून बघा. पूर्ण भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेत. ५,४३० च्या जागी ५,३४० लिहिलं की फरक ९० येतो. जुने मुनीम हेच करायचे. फरक सस्पेन्स नावाच्या तात्पुरत्या खात्यात टाकून पुढे जाऊ नका.

दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा तक्ता, येतो. खरेदीची बिलं त्याच्याशी ताडून पाहा आणि न दिसणाऱ्या बिलांची यादी दुकानदाराला लगेच द्या, म्हणजे तो पुरवठादाराच्या मागे लागेल.

दर

पहिल्या महिन्याचं काम घड्याळ लावून करा. किती बिलं, किती बँक एंट्र्या, किती तास हे लिहून ठेवा आणि त्यावरून महिन्याचा आकडा सांगा. दुकान बघून अंदाजानं दर सांगितला की हमखास फसायला होतं. काय करणार, काय नाही आणि बिलं किती तारखेपर्यंत द्यायची, हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या.

तारखा आणि तुमची परीक्षा

७ ला टीडीएस (पैसे देताना कापलेला कर) भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), २० ला ३बी (कर भरण्याचं रिटर्न). दर तीन महिन्यांनी रिटर्न भरण्याच्या तिमाही योजनेतल्यांचं जीएसटीआर-१ तेराला आणि ३बी महाराष्ट्रात बावीसला. इंटर जानेवारी, मे आणि सप्टेंबरात असते, म्हणजे ११ तारीख बऱ्याचदा पेपरांच्या तोंडावरच येते. म्हणून दुसरा ग्रुप सुटेपर्यंत चार-पाचच गिऱ्हाइकं ठेवा, आणि जमतील तेवढी तिमाहीवाली घ्या. परीक्षेच्या दोन महिने आधी प्रत्येकाला तारखा सांगा, त्या महिन्याची बिलं ५ तारखेला मागा आणि ज्यांच्याकडे काम शिकलात त्या सीएंना विचारून ठेवा, की अडलं तर रिटर्न त्यांच्याकडून जाईल का. डेटाचा बॅकअप दर महिन्याला गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर देत चला. हिशेब त्याचे आहेत, ते त्याच्याजवळ असायलाच हवेत.