मोठ्या ब्रेक डिस्क बसवताय? या चुका टाळा

"डिस्क बेंड झाली." ऑक्टाव्हिया व्हीआरएस असो, पोलो जीटीआय असो की बीएमडब्ल्यू एम३४०आय, नव्या डिस्क बसवून दोन-तीन महिने झाले की हेच वाक्य घेऊन लोक वर्कशॉपमध्ये येतात. ताशी शंभरच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, पेडल पायाखाली धडधडतं. मग कुठली कंपनी चांगली आणि कुठली डिस्क मागवायला हवी होती, यावर तासभर चर्चा होते. प्रत्यक्षात रस्त्यावरच्या गाडीची बिडाची डिस्क उष्णतेने वाकल्याचं फार क्वचित बघायला मिळतं. बहुतेक वेळा तिची जाडी एका जागी कमी, एका जागी जास्त झालेली असते, किंवा पॅडचं (डिस्कवर दाबली जाणारी घर्षणाची पट्टी) मटेरियल तिच्यावर डागाडागांनी चिकटलेलं असतं. आणि याची सुरुवात डिस्क बसवली त्या दिवशीच झालेली असते.

हबची बैठक न घासता डिस्क चढवणे

ही चूक मी सर्वांत वर ठेवतो. जुनी डिस्क काढली की हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, गंजाचा पापुद्रा दिसतो. तो दोन मिनिटांत फडक्याने पुसायचा आणि वर चाळीस-पन्नास हजारांची नवी जोडी चढवायची, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता राग येतो.

साधं गणित करा. हबचा व्यास १४० मि.मी. धरा आणि डिस्क ३४० मि.मी.ची. हबच्या कडेला ०.०५ मि.मी.चा गंजाचा कण राहिला, तर डिस्क तेवढी तिरकी बसते आणि बाहेरच्या काठाला तोच फरक जवळजवळ ०.१२ मि.मी. होतो. डिस्क जितकी मोठी, तितका फरक जास्त. पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, म्हणून बसवणाराही खूश आणि मालकही. पण ब्रेक लावलेला नसतानाही तिरकी डिस्क प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला घासत राहते. ती जागा हळूहळू झिजते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. तोवर बसवणाऱ्यावर कुणाचा संशय उरलेला नसतो.

रत्नागिरीहून एक व्हीआरएस आमच्याकडे आली होती. ३१२ मि.मी.च्या डिस्क काढून ३४० च्या बसवलेल्या, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि त्याला धरणारा कॅरियरही बदललेले, सामान सगळं अस्सल. थरथर सुरू झाल्यावर आधीच्या गॅरेजने डिस्क लेथवर फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग खरवडून सपाट करायला, दिल्या. थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मग मालकाने नव्या डिस्क घेतल्या. पुन्हा तेच. आमच्याकडे आला तेव्हा तो गाडी विकायच्या विचारात होता. चाकाचे बोल्ट उघडायलाच लांब पाइप लावावा लागला, इतके ते हवेच्या गनने आवळले होते. डिस्क उतरवली तर हबवर, बोल्टच्या भोकांभोवती, खाऱ्या हवेने फुगलेला गंज. डायल गेज (फिरताना डिस्क किती डुलते ते दाखवणारं माप) लावलं तेव्हा काठाला ०.११ मि.मी. आलं. हब हाताने घासून स्वच्छ केला, तीच डिस्क परत चढवली आणि माप ०.०२ वर आलं. जाडीतला फरक मात्र तोवर पडून गेला होता. डिस्क अजून किमान जाडीच्या बऱ्याच वर होती, म्हणून हलकं फेसिंग मारलं, पॅड नवे घातले आणि गाडी सुरळीत झाली. दुसऱ्या जोडीचे पैसे त्या माणसाने विनाकारण घालवले.

माझी सवय सांगतो. हब स्कॉचब्राइटने घासायचा, बोल्टच्या भोकांच्या कडा एमरीने साफ करायच्या, डिस्कच्या टोपीची आतली बाजूही पुसायची. मग डिस्क बोल्टने नीट आवळून, काठापासून साधारण १० मि.मी. आत डायल गेज लावून एक पूर्ण फेरा फिरवायचा. ०.०५ च्या आत आलं तरच पुढचं काम. जास्त आलं तर डिस्कला दोष देण्याआधी हब आणि बेअरिंग तपासा. हबच्या बैठकीवर ग्रीस मी लावत नाही. थराची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही आणि तिथे तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. मधल्या उंचवट्याला अगदी पातळ हात पुरतो.

बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) आवळा, ताऱ्याच्या क्रमाने, दोन टप्प्यांत. स्कोडा-फोक्सवॅगनच्या या गाड्यांना १२० न्यूटन-मीटर, बीएमडब्ल्यूच्या नव्या गाड्यांना १४०. पुढे पंक्चर काढायला टायरवाल्याकडे गेलात तरी गन लावू देऊ नका. डिकीत टॉर्क रेंच ठेवा आणि स्वतः आवळा. टायरवाल्याला वाईट वाटलं तर वाटू द्या.

बेडिंग न करता थेट घाट गाठणे

दुपारी डिस्क बसवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मित्रांबरोबर महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरले, अशी उतावीळ मंडळी दर पावसाळ्यानंतर भेटतात. नव्या डिस्कवर पॅडच्या मटेरियलचा पातळ, एकसारखा थर बसावा लागतो; तो बसवणं म्हणजेच बेडिंग. तो बसायच्या आत डिस्क भाजली तर थर ठिगळांसारखा बसतो. ठिगळाची जागा जास्त पकडते, जास्त तापते, आणि साधारण ६५० अंशांच्या पुढे तिथलं बीडच बदलून कडक होतं. हा कडकपणा पृष्ठभागाखालीही उतरलेला असतो, त्यामुळे फेसिंग मारूनही तो डाग पुन्हा वर येतो. त्या डिस्कचा उपयोग संपला.

घाटात किती उष्णता तयार होते याचा अंदाज अनेकांना नसतो. १,५०० किलोची गाडी ताशी १२० वरून थांबवली तर ब्रेकना साधारण ८.३ लाख ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. तीच गाडी हजार मीटर खाली उतरवायची तर जवळजवळ १.४७ कोटी. म्हणजे १२० वरून सतरा-अठरा वेळा थांबण्याइतकी. यातला मोठा वाटा खालच्या गिअरमध्ये इंजिनाने घ्यायला हवा. ऑटोमॅटिक आहे म्हणून गिअरकडे लक्ष न देता पाय ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्याच्या डिस्क ३४० च्या असोत की ३८० च्या, तापणारच.

बेडिंग मी पहाटे, मोकळ्या सरळ रस्त्यावर करतो. आधी काही हलके ब्रेक. मग ताशी ८०-१०० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा जोरात, पण एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होणार नाही इतपत. मध्ये पूर्ण थांबायचं नाही. शेवटी ब्रेकला फारसा हात न लावता दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवायची. तापलेल्या डिस्कवर सिग्नलला पेडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो. घाट उतरून चहाला थांबतानाही हे लक्षात ठेवा: आधी दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा. पॅडच्या कंपनीने स्वतःची पद्धत दिली असेल तर ती पाळा.

डावी-उजवी उलटी बसवणे

डिस्कवरच्या खाचा कुठल्या दिशेला आहेत हे बघून डावी-उजवी ठरवू नका. आत वक्र पाती असलेली डिस्क मधून हवा ओढून बाहेर फेकते. चाक पुढे फिरताना पात्याचं आतलं टोक पुढे आणि बाहेरचं मागे असावं लागतं. उलटी बसली तर हवा कमी खेळते आणि ब्रेक जास्त तापतात. सरळ पात्यांच्या डिस्कला हा प्रश्न नाही.

दिसायला छान म्हणून भोकांच्या डिस्क

स्वस्तातल्या, नंतर ड्रिल मारलेल्या डिस्कना भोकांपासून तडे जातात, आणि ट्रॅकवर फार लवकर जातात. कोइंबतूरला कारी स्पीडवेवर जाणार असाल तर खाचांच्या किंवा साध्या डिस्क घ्या. पोर्शे भोकांच्या डिस्क देते हे खरं, पण तिथे डिस्क, पॅड आणि हवेची वाट यांचा एकत्र विचार झालेला असतो. ऑनलाइन सापडलेल्या अर्ध्या किमतीच्या जोडीमागे तो नसतो.

फक्त पुढच्या डिस्क खूप मोठ्या करणे

मोठ्या डिस्कमुळे उष्णता जास्त पेलते, लागोपाठ ब्रेक मारले तरी पकड टिकते. एकाच ब्रेकमध्ये गाडी किती अंतरात थांबेल हे टायर ठरवतात, कारण मूळ ब्रेकही चाक जाम करून एबीएस चालू करू शकतात. पुढे अवाच्या सवा ताकद दिली की मागचे ब्रेक नुसते नावाला उरतात आणि थांबायचं अंतर वाढूही शकतं. आधी टायर, पॅड आणि ब्रेक ऑइल नीट करा. अनेकांना त्यानंतर मोठ्या डिस्कची गरजच वाटत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

जुने, चर पडलेले पॅड नव्या डिस्कवर चढवू नका. अजिबात नाही.

नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने काढा. रॉकेल नको, डिझेल नको.

कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळत ठेवू नका, तारेच्या हुकाने टांगा.

इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घेतल्याशिवाय मागचा पिस्टन ढकलू नका, मोटर जाते.

कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लायडर पिनला सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषलं की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. कोकणात किंवा घाटात राहणाऱ्याने ते दर पावसाळ्यानंतर बदलावं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

मागवण्याआधी कॅलिपर चाकाच्या आत मावतो का ते पुठ्ठ्याचा साचा करून बघा.

आणि डिस्क बसवली त्याच दिवशी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजून, तारीख आणि किलोमीटरसह सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. शेजारी डिस्कवर कोरलेली किमान जाडीही लिहा. उद्या थरथर आली तर पहिली तपासणी त्या आठ आकड्यांशी होईल, आणि नवी जोडी मागवायची की हब घासायचा हे पाच मिनिटांत कळेल.