वापरलेल्या तळणीच्या तेलातून बायोप्लास्टिक कसं बनवायचं

तळून तळून काळं पडलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका प्लीज, पाइप तुंबतात. हे तेल म्हणजे क्युप्रिआव्हिडस नेकेटर या बॅक्टेरियाचा खुराक आहे, तो ते खाऊन पेशीत पीएचबी नावाचं कुजणारं प्लास्टिक साठवतो, आणि कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये हे जमण्यासारखं आहे. घरी नको, शेवटी क्लोरोफॉर्म लागतं.

आधी तेल मलमलच्या कापडातून गाळा, गरम पाण्याने एक-दोनदा धुवा म्हणजे मीठ निघून जातं, मग पाणी खाली बसलं की वरचं तेल काढून घ्या. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणं) १२१ अंशावर, पण तेल वेगळं आणि मीडिया, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायचं पोषक द्रावण, वेगळा.

मीडियात फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, ट्रेस एलिमेंट्स (अगदी कणभर लागणारी खनिजं) आणि थोडंसंच अमोनियम सल्फेट. हे "थोडंसंच" फार महत्त्वाचं आहे बरं का, कारण नायट्रोजन भरपूर असला की बॅक्टेरिया नुसते वाढत बसतात, तो संपला आणि तेल मात्र अजून शिल्लक असलं की मग वाढ थांबते आणि सगळं कार्बन पीएचबीच्या दाण्यांमध्ये जायला लागतं, जसं आपण पावसाळ्याआधी धान्य भरून ठेवतो तसं. नीट जमलं तर कोरड्या पेशींच्या वजनात ७०-८० टक्के पीएचबी असू शकतं.

मग या मीडियात तेल आणि बॅक्टेरिया सोडायचे, तेल लिटरला १०-२० ग्रॅम पुरे. ते पाण्यावर तरंगतं, त्यामुळे सुरुवातीला बॅक्टेरियाच्या लायपेजला (तेल फोडणाऱ्या एन्झाइमला) ते नीट मिळत नाही, थोडा गम अरेबिक (बाभळीच्या जातीचा डिंक) घालून इमल्शन केलं, म्हणजे तेलाचे बारीक थेंब पाण्यात मिसळले, तर वाढ लवकर सुरू होते. फ्लास्क एक पंचमांशच भरा, हवा भरपूर लागते. ३० अंश, पीएच ७ च्या आसपास, शेकर १५०-२०० आरपीएम, दोन-तीन दिवस.

दाणे तयार झाले का बघायला सुदान ब्लॅक या रंगाचा स्टेन करा, मायक्रोस्कोपखाली पेशींच्या आत निळे-काळे ठिपके दिसतात, आणि ते पहिल्यांदा दिसले की खरंच भारी वाटतं! मग सेंट्रिफ्यूज करा (जोरात फिरवून पेशी तळाशी बसवा), पेशींना चिकटलेलं तेल हेक्झेनने धुवा, पेशी वाळवा (हे धुणं टाळलं तर वजन खोटं येतं, तेलच मोजलं जातं), कोमट क्लोरोफॉर्ममध्ये पीएचबी विरघळवा, गाळा आणि थंड मिथेनॉलमध्ये ओता, पांढरा साका खाली बसतो. हे सगळं फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून घेणारं लॅबमधलं कपाट). उरलेलं कल्चर ऑटोक्लेव्ह करूनच टाका, वापरलेल्या सॉल्व्हंटची (हेक्झेन, क्लोरोफॉर्म, मिथेनॉल) बाटली वेगळी ठेवा, ती बेसिनमध्ये रिकामी करायची नाही.