ठाण्याहून कर्णालीकाठी: आठवडाभराच्या फ्लाय फिशिंगची आखणी

परदेशातील दुर्गम नदीवर फ्लाय फिशिंगला, म्हणजे कीटक किंवा लहान माशासारखे दिसणारे बनावट आमिष (फ्लाय) लावून मासे धरायला, जायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे न्यूझीलंड किंवा मंगोलिया उभा राहतो. परंतु जेमतेम आठ दिवसांची रजा मिळणाऱ्या ठाणेकराने आधी एकच हिशेब मांडावा, तो म्हणजे प्रत्यक्ष नदीवर किती दिवस मिळतील. या हिशेबात पश्चिम नेपाळमधील कर्णाली आणि बर्दिया राष्ट्रीय उद्यानातून वाहणारी बबई या नद्या सरस ठरतात. तेथील सोनेरी महसीर हा मासा, महाडजवळच्या वाळणकोंडीत जे मासे आपण देवाचे मासे म्हणून पाहतो, त्यांच्याच कुळातला आहे.

पावसाळ्यात कर्णाली गढूळ आणि फुगलेली असते, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी ते एप्रिल हाच काळ धरावा. दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते खरी, पण दसऱ्याच्या सुमारास नेपाळमध्ये दशैंनिमित्त सरकारी कचेऱ्या कित्येक दिवस बंद राहतात आणि उद्यानाच्या हद्दीत परवान्याशिवाय गळ टाकता येत नाही. म्हणून परवान्याचे काम स्थानिक आयोजकाकडे बरेच आधी सोपवावे.

काठमांडूमार्गे नेपाळगंजला विमानाने जाता येते. माझ्या मते मात्र मुंबईहून लखनौपर्यंत विमान, तेथून बहराइचवरून रुपईडिहाची सीमा आणि पलीकडे नेपाळगंजहून बर्दिया उद्यानालगतचे ठाकुरद्वारा हा रस्त्याचा मार्ग अधिक भरवशाचा आहे, कारण त्यात जोडविमान चुकण्याची धास्ती नसते. भारतीयांना व्हिसा लागत नाही, तरी पासपोर्ट जवळ ठेवावाच. विमानाने जाणाऱ्या प्रौढांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, तेथे आधार कार्ड चालत नाही. येण्याजाण्याचे चार दिवस वजा केल्यास नदीसाठी तीन दिवस उरतात आणि एक दिवस हाताशी राहतो. तेवढ्यात दोन नद्या गाठण्याचा मोह आवरून एकच निवडावी.

सामानात आठ किंवा नऊ नंबरचा (हा नंबर रॉडला पेलणाऱ्या लाइनच्या वजनाचा), नऊ फुटी, चार तुकड्यांचा रॉड, म्हणजे गळाची काठी, पुरेसा होतो. त्याचा प्रत्येक तुकडा सुमारे सत्तर सेंटीमीटरचा असल्याने तो केबिन बॅगेत बसत नाही; गळ, पक्कड आणि चाकू यांच्याबरोबर तो चेक-इन सामानातच द्यावा. महसीर लागला की पहिल्याच धावेत बरीच दोरी ओढून नेतो, म्हणून रीलवर किमान दीडशे मीटर बॅकिंग, म्हणजे मुख्य लाइनच्या मागे गुंडाळलेली राखीव दोरी, असावे. तरंगणारी आणि टोक बुडणारी अशा दोन लाइन घ्याव्यात आणि लहान माशासारख्या दिसणाऱ्या क्लाउझर मिनो जातीच्या फ्लाय भरपूर ठेवाव्यात, कारण खडकांत त्या अडकून तुटतातच.

निघण्यापूर्वी महिनाभर कास्टिंगचा, म्हणजे लाइन फेकण्याचा, सराव करावा. खारघर-नेरुळकडच्या एखाद्या मोकळ्या मैदानावर सकाळी लवकर, फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून तो करता येतो. पुढे जितकी लाइन फेकायची तितकीच मोकळी जागा मागेही लागते, त्यामुळे उपवन तलावाच्या काठी, फिरायला आलेल्यांच्या गर्दीत, हा प्रयोग करू नये.

नदीवर वाटाड्याशिवाय पाण्यात उतरू नये. या खोऱ्यात मगरी, वाघ आणि गेंडे आहेत. सोनेरी महसीर संकटग्रस्त प्रजातींत गणला जातो, म्हणून गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकावा, मासा ओल्या हातांनी पाण्यातच धरावा आणि फोटोसाठी क्षणभरच वर उचलून सोडून द्यावा.

परतल्यावर रील आणि लाइन गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस पंख्याखाली वाळवावी आणि मगच पिशवीत भरावी. खाडीकाठच्या दमट हवेत ओले रील गंजायला एक पावसाळाही लागत नाही.