क्लाउडवर पहिलं ॲप चालवताना: सर्व्हर कधीही जाईल असं धरूनच

क्लाउडचं कन्सोल (सर्व्हर सांभाळायचं वेबपान) उघडलं की आधी रीजन, म्हणजे सर्व्हर कुठल्या ठिकाणी आहे ते बघा. एडब्ल्यूएसचा (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) मुंबई रीजन २०१६ पासून आहे. नवख्यांचा सर्व्हर 'गायब' होतो तेव्हा तो बहुतेक वेळा दुसऱ्याच रीजनमध्ये सापडतो. ग्राहक दादर-ठाण्यातले असतील तर ॲप आणि डेटाबेस दोन्ही मुंबईतच हवेत. ॲप इथे आणि डेटाबेस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर एका क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) जाण्यायेण्यात साधारण २०० मिलिसेकंद जातात. एका पानासाठी २० क्वेरी एकामागून एक गेल्या की झाले ४ सेकंद. मग कोड कितीही सुधारा, पान हळूच उघडणार.

शिकताना बहुतेकजण टी३ मायक्रो हा एडब्ल्यूएसचा छोटा सर्व्हर घेतात. त्यात मेमरी १ जीबी. त्याच मशीनवर बिल्ड (कोडपासून चालतं ॲप बनवणं) चालवलं तर मेमरी संपते, लिनक्स प्रोसेस मारून टाकतं आणि कंटेनर (ॲप ज्या वेगळ्या डब्यात चालतं तो) १३७ हा कोड देऊन बंद पडतो. हा आकडा दिसला तर कोडमध्ये बग शोधण्याआधी मेमरी तपासा. बिल्ड बाहेर करा, सर्व्हरवर फक्त तयार इमेज (ज्यातून कंटेनर सुरू होतो तो साचा) आणा.

आता मुख्य गोष्ट. हे मशीन उद्या नसेल असं समजून सगळं रचा. ग्राहकांनी अपलोड केलेले फोटो सर्व्हरच्या डिस्कवर नकोत, एस३ या एडब्ल्यूएसच्या फाइल साठवायच्या सेवेत ठेवा. लॉगिन सेशन रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणारं वेगळं साधन) किंवा डेटाबेसमध्ये. पासवर्ड गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) तर अजिबात नको. एकदा गेला की नंतर पुसूनही तो जुन्या कमिटमध्ये (जुन्या नोंदीत) राहतो, म्हणून तो बदलावाच लागतो.

बंद होण्याची रीतही नीट लावा. डॉकर हे कंटेनर चालवणारं साधन कंटेनर थांबवताना ॲपला आधी इशारा देतं, १० सेकंद थांबतं आणि मग सरळ मारतं. कुबरनेटिसमध्ये (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारं साधन) ही मुदत ३० सेकंदांची. हातातल्या रिक्वेस्ट पूर्ण करून बाहेर पडायला एवढाच वेळ. पण डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बनवायची ते सांगणारी फाइल) सुरू करायची कमांड साध्या ओळीत लिहिली, तर ती शेलमधून (कमांड चालवणारा मधला प्रोग्राम) चालते आणि इशारा शेलपाशीच अडकू शकतो. ॲपला काही कळत नाही, प्रत्येक डिप्लॉयला (नवा कोड चढवताना) चालू पेमेंट मध्येच तुटतात. कमांड चौकोनी कंसातल्या यादीच्या रूपात लिहा. एका ओळीचा फरक आहे, पण डिप्लॉयच्या वेळच्या कितीतरी तक्रारी इथेच थांबतात.

डॉकरचे लॉग (ॲप लिहीत जातं त्या नोंदी) मूळ सेटिंगमध्ये कितीही वाढत राहतात. डिस्क भरली की त्याच मशीनवरचा डेटाबेसही लिहायचं थांबवतो. एका लॉग फाइलची मर्यादा १० एमबी आणि जास्तीत जास्त ३ फाइल, एवढं पहिल्याच दिवशी लावून टाका.

सर्व्हरचं घड्याळ सहसा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर असतं. आपल्या पहाटे २ वाजता तिथे आदल्या दिवसाचे रात्रीचे ८:३० असतात. '१ तारखेला पहाटे २' चं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) तसंच लिहिलं तर ते आपल्या सकाळी ७:३० ला, लोक ऑफिसला निघायच्या वेळी चालतं.

खर्चाबद्दल: सर्व्हर थांबवला तरी डिस्कचे पैसे लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला (इंटरनेटवरून सर्व्हर गाठायचा पत्ता) तासाला ०.००५ डॉलर घेतं, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. नॅट गेटवे (खासगी सर्व्हरना बाहेर इंटरनेटवर जाऊ देणारी सेवा) नुसता पडून असला तरी तासाचं मीटर चालूच. बजेट अलर्ट जरूर लावा, पण बिलाचे आकडे काही तास उशिरा येतात आणि अलर्ट फक्त कळवतो, आपोआप काही बंद करत नाही.

महिन्यातून एकदा मुद्दाम एक सर्व्हर काढून टाका आणि नवा उभा करा. त्याच दिवशी डेटाबेसचा बॅकअप वेगळ्या मशीनवर उतरवून घ्या, किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा आणि शेवटची ऑर्डर त्यात आली आहे का ते डोळ्यांनी बघा.