बुडापेस्ट : तीन सिनेगॉग एका सकाळी

शनिवारी जाऊ नका. शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसामुळे, सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) पाहायला मिळत नाहीत, आणि शुक्रवारीही दारं लवकर लागतात. मधल्या वारी मेट्रोनं अस्तोरिया स्थानकाला उतरा आणि दार उघडायच्या वेळेलाच दोहान्य रस्त्यावर हजर राहा. खांदे झाकलेले हवेत, पुरुषांनी टोपी जवळ ठेवावी.

मी वास्तुरचना शिकवते. तिकडे निघालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माझं एकच सांगणं असतं : दोहान्य बघून परत फिरू नका. दहा-पंधरा मिनिटांच्या पायपिटीत तीन मोठी सिनेगॉग आहेत आणि ती तिन्ही मिळूनच गोष्ट पुरी होते. 1868-69 च्या परिषदेनंतर हंगेरीतल्या ज्यूंमध्ये फूट पडली : सुधारणेकडे झुकलेले निओलॉग, सनातनी ऑर्थोडॉक्स आणि दोन्हीकडे न गेलेले. ही फूट इमारतींत वाचता येते.

दोहान्यचं निओलॉग सिनेगॉग 1859 मध्ये पूर्ण झालं. वास्तुकार लुडविग फर्स्टर, आसनं सुमारे तीन हजार. आत गेल्यावर आधी ऑर्गन हे चर्चमध्ये असतं तसं मोठं वाद्य शोधा. सनातनी सिनेगॉगमध्ये ते दिसणार नाही. तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ वाचायचा मंच कुठे आहे तेही नीट लक्षात ठेवा : इथे तो चर्चसारखा पुढच्या टोकाला आहे. मग आवारात या. सिनेगॉगच्या आवारात कबरी नसतात, इथे आहेत, कारण 1944-45 च्या हिवाळ्यात घेट्टोमध्ये, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, दगावलेल्या दोन हजारांहून जास्त माणसांना इथेच पुरावं लागलं. मागे इम्रे वार्गा यांचं धातूचं विलो झाड आहे, त्याच्या पानापानावर बळी गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. तिथे घाई करू नका, फोटो नंतर काढा.

पुढे रुम्बाख रस्त्यावरचं, दोन्हीकडे न गेलेल्यांचं सिनेगॉग. व्हिएन्नाच्या ओटो वाग्नरचं हे तरुणपणातलं काम, 1872 चं. कित्येक दशकं पडझडीत गेलेली ही वास्तू दुरुस्तीनंतर 2021 मध्ये पुन्हा उघडली. अष्टकोनाच्या मधोमध उभं राहून वर बघा, बाकी काही सांगायची गरज नाही.

कझिंत्सी रस्त्यावरचं ऑर्थोडॉक्स सिनेगॉग (1913) समोरच्या फुटपाथवरून पाहा. गल्ली जिथे वळते तिथे लफलर बंधूंनी दर्शनी भिंतही वळवली आहे. आत मंच मध्यभागी. दोहान्य आठवा, फरक आपोआप कळेल.

एव्हाना भूक लागलेली असते. याच भागात फ्लोदनी मिळते का बघा : खसखस, अक्रोड, सफरचंद आणि आलुबुखाराचा मुरंबा यांचे थर दिलेला ज्यू केक. एक तुकडा दोघांना पुरतो.

कॉफीसाठी सगळे न्यूयॉर्क कॅफेकडे धावतात. 1894 ची ती वास्तू, पिळदार खांब आणि सोनेरी छत बघण्यासारखं आहेच, पण रांग लांब असते. निवांत बसायचं तर 1887 चं सेंत्राल गाठा. 'न्युगात' या हंगेरियन साहित्यिक नियतकालिकाचे लेखक दोन्हीकडे बसत, मला सेंत्रालमध्ये ते जास्त खरं वाटतं.

दुपारी संसद भवनाजवळ डॅन्यूबच्या काठावर लोखंडी बुटांचं स्मारक पाहा. ॲरो क्रॉस या हंगेरियन नाझीवादी पक्षाच्या लोकांनी बूट काढायला लावून ज्यूंना इथेच गोळ्या घातल्या. तिथून होल्ड रस्ता चालत जवळ आहे. ओडॉन लेख्नरच्या पोस्टल सेव्हिंग्ज बँकेवर (1901) मातीच्या मधमाश्या भिंतीवरून वरच्या पोळ्यांकडे चढतात, बचतीची खूण म्हणून. त्या फार उंच आहेत, छोटी दुर्बीण जरूर न्या.