स्पेसर लावण्याआधी आटे मोजा
व्हील स्पेसर (चाक थोडं बाहेर येण्यासाठी हब आणि चाकामध्ये बसवायची चकती) हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मधल्या उंचवट्यावर नेमका बसणाराच घ्या. ढिला असला तर चाक मध्यावर बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने आधी खरवडा.

नुसती ५ मिमीची चकतीही स्टडचे (हबमधून बाहेर आलेले, चाकाचे नट ज्यावर बसतात ते बोल्ट) ५ मिमी आटे खाते. म्हणून नट हाताने फिरवून मोजा: १२ × १.५ च्या (१२ मिमी जाड, दोन आट्यांमध्ये १.५ मिमी अंतर) स्टडवर किमान ८ पूर्ण फेरे हवेत. कमी भरले तर लांब स्टड बसवा. एकावर एक दोन स्पेसर तर नकोच.

नट समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याइतके आवळा (पंक्चरवाल्याच्या लांब पाइपाने नव्हे) आणि १०० किमीनंतर पुन्हा तपासा. गाडीत माणसं बसवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का तेही पाहा.