मेलबर्नला येताना बॅगेत एअर पिस्तूल टाकू नका

मेलबर्नला येऊन मला 16 वर्षं झाली. कोल्हापुरातनं नवीन कोण यायला निघालं की फोन येतोच, मसाला चालतो का, स्वेटर किती घेऊ. पण गेल्या वर्षी बहिणीनं विचारलं, "दादा, ह्याचं पिस्तूल मोठ्या बॅगेत टाकलं तर चालतंय न्हवं?" भाचा दुधाळीच्या रेंजवर 10 मीटर एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा मारणारं पिस्तूल, मारायचा. व्हिडिओ कॉलवर बघतोय तर बॅगेच्या तळाला काळी पेटी, शेजारी छर्‍यांच्या दोन डब्या आणि वर कांदा-लसूण चटणीची बरणी. म्हटलं पहिलं ते बाहेर काढ.

त्यांची चूक नव्हती. आपल्याकडं साधी पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंच छर्‍याची एअरगन लायसनशिवाय मिळते, त्यामुळं ती बंदूक वाटतच नाही. ऑस्ट्रेलियात मात्र एअर रायफलसुद्धा कायद्यानं फायरआर्म, म्हणजे बंदूकच, आणि एअर पिस्तूल तर हँडगनमध्ये (हातात धरायच्या छोट्या बंदुकीत) मोडतं, म्हणजे नियम आणखी कडक. 28 एप्रिल 1996 ला टास्मानियात पोर्ट आर्थरला एका माणसानं 35 जणांना गोळ्या घातल्या, त्यानंतर सगळ्या राज्यांनी मिळून कायदे आवळले आणि सरकारनं लोकांकडनं साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. इथल्या लोकांच्या मनात ते अजून ताजं आहे, म्हणून ह्या विषयात कोण चेष्टा करत नाही, तुम्हीपण एअरपोर्टवर करू नका.

आणायचंच असेल तर आधी कागद, मग बंदूक. ज्या राज्यात राहणार तिथल्या पोलिसांची मंजुरी लागते, बी सेव्हन झिरो नाइन नावाचे फॉर्म आहेत, आणि हे सगळं सामान निघायच्या आधी. सुटे पार्ट, मॅगझिन, गोळ्या ह्यांनापण नियम आहेत, सुटं करून आणलं म्हणजे सुटलो असं होत नाही. नुसतं स्पर्धेपुरतं येणार्‍यांना तात्पुरती परवानगी मागता येते, पण तीपण आधीच.

बंदुकीशिवायच्या वस्तूंतच आपली माणसं जास्त अडकतात. पोरगी एकटी चाललीय म्हणून आई पर्समध्ये पेपर स्प्रे घालते, तो व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, बेकायदेशीर आहे. मर्दानी खेळ खेळणार्‍यांनो, तलवारपण इथं प्रोहिबिटेड वेपन, म्हणजे बंदी असलेलं हत्यार, सूट असलेल्यांनाच ठेवता येते. कट्यारीचं तसंच. 1 मिलिवॅटच्या वरचा लेझर पॉइंटरसुद्धा परवानगीशिवाय नाही.

विमानात कार्ड देतात, त्यात पहिल्याच प्रश्नात वेपन्स आणि फायरआर्म्स आहेत. जरा जरी शंका असली तरी 'हो' वर टिक करा आणि ऑफिसरला दाखवा. लपवलेलं सापडलं तर वस्तू जाते, दंड किंवा केस होऊ शकते, आणि व्हिसाला धक्का बसला तर बापानं काढलेल्या लोनचं काय हो?

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ आणलं तेव्हापासनं नेमबाजी करणारी पोरं जास्त विचारतात, मामा, मग खेळ सोडायचा का? अजिबात नाही. इथं क्लब आहेत. मेंबर व्हा, सेफ्टी कोर्स करा, पोलिसांकडनं लायसन घ्या, मग प्रत्येक बंदुकीला वेगळा परमिट. वेळ लागतो. भाच्यानं तसंच केलं, सध्या क्लबचं पिस्तूल वापरतोय, त्याचं स्वतःचं बहिणीच्या कपाटात आहे. चटणी मात्र डिक्लेअर करून आणली, ऑफिसरनं झाकण बघितलं आणि सोडली.